संगणक क्लबच्या बैठकीला लोक येईनासे झाले तर आधी वेळापत्रक बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणक वापरणाऱ्यांचा तुमचा क्लब काही वर्षं चांगला चालला. महिन्यातून एक बैठक, दीड तासाचं व्याख्यान, शेवटी पाच-दहा मिनिटं शंकांना. पूर्वी तीस-पस्तीस जण यायचे, आता आठ-दहाच येतात आणि त्यांतलेही काही मधूनच उठतात. दोन जाणकार सभासदांनी तर येणंच सोडलंय. लोक परत यावेत म्हणून कोणते विषय घ्यावेत आणि बैठक ऑनलाइन केली तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

विषय सुचवते, ते पुढे येतीलच. पण तुमची अडचण विषयांची आहे असं मला वाटत नाही. ती तुम्ही दिलेल्या वेळापत्रकातच दिसते. काहीतरी अडलंय म्हणून माणूस घरातून निघतो, दीड तास भलत्याच गोष्टीबद्दल ऐकतो आणि त्याच्या अडचणीच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं येतात. वक्ता रंगला तर तीही जातात. असं दोन-तीनदा झालं की तो यायचा थांबतो. तक्रार करत नाही, नुसता थांबतो. ऐकायला-बघायला आता घरबसल्या हवं तेवढं मिळतं. मिळत नाही ते एकच: आपल्या शेजारी बसून, आपल्याच स्क्रीनकडे बघत "थांबा, ती सूचना बंद करू नका, आधी वाचूया" म्हणणारं माणूस. क्लबकडे देण्यासारखं हेच आहे आणि तुमच्या बैठकीत त्यालाच जागा नाही.

मी अशा बैठका बरीच वर्षं चालवत आले आहे. त्यावरून सांगते: व्याख्यान वीस मिनिटांवर आणा आणि उरलेला सगळा वेळ सभासदांच्या प्रश्नांना द्या. अर्थात काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. सभासद बहुतेक निवृत्त आहेत की नोकरी करणारे, खोलीत टेबलं आहेत की नुसत्या खुर्च्या, मदत करू शकणारे तीन जण आहेत की एकच, हे मला माहीत नाही. त्यामुळे मिनिटांचे आकडे तुमच्या सोयीने हलवा. प्रश्न आधी आणि व्याख्यान नंतर, हा क्रम मात्र हलवू नका.

ही माझी कल्पना नाही, वापरकर्त्यांच्या गटांची ही जुनीच रीत आहे. १९५५ साली आयबीएमचा ७०४ हा संगणक वापरणाऱ्या संस्थांतल्या लोकांनी लॉस एंजेलिस परिसरात ‘शेअर’ नावाचा गट काढला. प्रत्येक जण तेच तेच पायाभूत प्रोग्राम आपापल्या जागी नव्याने लिहीत बसला होता. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला मिळालं तर सगळ्यांचेच कष्ट वाचणार होते. अडचण सारखी आणि उत्तर कुणा एकाकडे, एवढ्यावर तो गट उभा राहिला. पुढे मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. अल्टेअर ८८०० हा सुटे भाग जोडून बनवायचा संगणक नुकताच आला होता आणि तो कसा चालवायचा हे कुणालाच धड माहीत नव्हतं. त्या क्लबच्या बैठकांचं संचालन ली फेल्सनस्टाइन करत आणि त्यांनी बैठकीचे दोन भाग पाडले होते. पहिल्या भागाला ते ‘मॅपिंग’ म्हणत: लोकांनी उठून आपल्याकडे काय आहे, काय हवंय, काय अडलंय ते सगळ्यांसमोर सांगायचं. दुसरा भाग ‘रँडम अ‍ॅक्सेस’: ज्याला ज्याच्याशी काम आहे त्याने त्याला गाठायचं. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी अ‍ॅपल-१ चे आराखडे याच क्लबात लोकांना वाटले होते. सभासदांना एकमेकांकडे पोहोचवणं हेच त्या बैठकीचं काम होतं. आज तुमच्या क्लबात कुणी संगणक बनवणार नाही, प्रिंटर चालू करून घेईल. तरी ही दोन भागांची रचना जशीच्या तशी लागू पडते.

आता प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते. दोन तासांची बैठक धरली तर पहिली चाळीस मिनिटं प्रश्नफेरी, मग वीस मिनिटांचं एक प्रात्यक्षिक, आणि उरलेला तास टेबलांवर प्रत्यक्ष काम.

प्रश्नफेरीतच बैठक जमते किंवा बिघडते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. एक जण फळ्याजवळ उभा राहतो. लोक एकेक करून आपली अडचण सांगतात आणि तो ती लिहून घेतो. या वेळेत उत्तर द्यायचं नाही. जाणकारांना हे फार जड जातं, त्यांच्या ओठांवर उत्तर आलेलं असतं. पण पहिल्याच प्रश्नावर दोन जाणकारांची चर्चा सुरू झाली की पंधरा मिनिटं गेली आणि मागे बसलेल्या चार जणांचे प्रश्न मनातच राहिले. फेरीत फक्त प्रश्न नीट मांडून घ्यायचा.

तो मांडून घेणं हेच खरं कसब. समजा कुणी म्हणालं, "माझा लॅपटॉप फार स्लो झालाय." एवढ्यावर काहीच सांगता येत नाही. संचालकाने विचारायचं: कधीपासून? चालू व्हायलाच वेळ लागतो, की चालू झाल्यावर ठीक असतो आणि ब्राउझर उघडला की अडखळतो? पंख्याचा आवाज वाढतो का? चालू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील तर सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्राम बघावे लागतील, नाहीतर आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क आहे का ते. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले की अडखळत असेल तर रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, अपुरी पडत असण्याची शक्यता जास्त. मग सगळ्यांसमोर विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून दाखवायचा. तिथे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के वेगवेगळे दिसतात. काहीच काम चालू नसताना डिस्कचा आकडा शंभराला चिकटून बसला असेल तर दुखणं कुठे आहे ते खोलीतल्या प्रत्येकाला दिसतं. ज्याचा लॅपटॉप आहे त्याचं काम होतंच, पण बाकीच्या दहा जणांना ‘स्लो’ या तक्रारीची उकल कशी करायची ते कळतं. कुठल्याही व्याख्यानाने जे साधणार नाही ते या पाच मिनिटांत साधतं, कारण समोरचा लॅपटॉप खरा असतो आणि अडचणही खरी असते.

सगळे प्रश्न फळ्यावर आले की त्यांची वाटणी करायची. काहींचं उत्तर एका वाक्यात देता येतं, ते लगेच देऊन टाका. काहींसाठी यंत्र समोर लागतं, ते टेबलावर जातात, आणि कुठल्या टेबलावर कोण बसणार हे तिथेच ठरवा. उरलेल्यांचं उत्तर खोलीत कुणालाच येत नसतं. असे प्रश्न बघून पुष्कळ आयोजक घाबरतात. मला तेच सगळ्यांत मोलाचे वाटतात, कारण पुढच्या बैठकीला यायचं कारण तेच देतात. "हा मी घरी बघून येतो" असं कुणीतरी म्हणालं की त्याचं नाव प्रश्नापुढे लिहा आणि पुढची बैठक त्याच प्रश्नापासून सुरू करा.

त्यासाठी एक नोंदवही ठेवा. तारीख, प्रश्न, कुणी विचारला, कुणी घेतला, सुटला की नाही, एवढे पाच रकाने पुरेत. साधी वही चालेल, सगळ्यांना उघडता येईल अशी ऑनलाइन शीट असेल तर आणखी बरं. माझ्या अनुभवात बैठकीला येणारी माणसं टिकवण्यात या वहीचा वाटा वक्त्यांपेक्षा मोठा असतो. पुढच्या बैठकीच्या आधी कुणीतरी फोन करून "मागच्या वेळी तुमचा प्रिंटर सापडत नव्हता, आता चालतोय ना?" असं विचारलं की माणूस पुन्हा येतो. वर्षभराने तीच वही उघडली की विषयांची यादी आपोआप हातात येते: जो प्रश्न सहा जणांनी विचारलाय त्यावर प्रात्यक्षिक ठेवा.

टेबलावर काम करताना एकच नियम कडक पाळा: माउस आणि कीबोर्डला हात मालकाचाच. मदत करणाऱ्याने बोट दाखवावं, तोंडाने सांगावं, पण हातात घेऊ नये. एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एक आजी फोनमधले फोटो लॅपटॉपवर घ्यायचे कसे ते शिकायला आल्या. शेजारी बसलेल्या तरुणाने केबल जोडली, भराभर चार ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाला, "झालं, बघा." फोटो आले होते. आजींनी मान डोलावली, पण त्यांची वही कोरीच होती. मी त्याला म्हटलं, आता ते फोल्डर काढून टाक, केबलही काढ, आणि हात मांडीवर ठेवून पुन्हा सांग. दुसऱ्या वेळी आजींनी स्वतः केबल जोडली. लॅपटॉपवर काहीच दिसेना, तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं की फोनवर एक सूचना येऊन थांबलीय: ही केबल फक्त चार्जिंगसाठी आहे की फाइल पाठवण्यासाठी? मघाशी त्या तरुणाने ती पायरी इतक्या झटकन उरकली होती की त्यांना दिसलीच नव्हती, आणि घरी गेल्यावर त्या नेमक्या तिथेच अडल्या असत्या. त्यांनी ती वहीत लिहून घेतली, खाली रेघ ओढली. पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना त्याच हे दाखवत होत्या.

याच टेबलांवर आणखी काही पथ्यं लागतात. दुसऱ्याचा पासवर्ड विचारायचा नाही आणि टाइपही करायचा नाही. तो टाकत असेल तेव्हा तोंड फिरवायचं. बँकेचे व्यवहार क्लबच्या किंवा दुसऱ्याच्या यंत्रावर करायचे नाहीत. मदत करताना फोटो, निरोप नजरेस पडतात, त्यांबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून द्या म्हणून कुणी आलं तर सरळ नाही म्हणा आणि त्याच कामासाठी लिबरऑफिस किंवा गिम्पसारखं मोफत साधन दाखवा. आणि घरून फोन आल्यावर स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगून लांबून दुरुस्ती करून देणं टाळा. तुमचा हेतू चांगला असतो, पण फसवणारेही नेमकं हेच करायला सांगतात. फोनवरच्या आवाजावर विसंबून आपला स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय क्लबनेच लावू नये.

आता वीस मिनिटांच्या प्रात्यक्षिकाकडे येते, कारण तुमचा मूळ प्रश्न विषयांचाच होता. विषय निवडताना मी एकच बघते: बघणारा घरी जाऊन त्याच रात्री ते करू शकेल का? ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचं भविष्य’ या विषयाला लोक येतील, ऐकतील, टाळ्या वाजवतील आणि घरी जाऊन काहीच करणार नाहीत. त्याऐवजी एखाद्या चॅटबॉटला एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारून दाखवा, त्याचं एक उत्तर सगळ्यांसमोर मूळ ठिकाणी जाऊन पडताळा, आणि त्याला कुठली माहिती कधीच द्यायची नाही ते सांगा. वीस मिनिटं त्यालाच पुरत नाहीत.

बॅकअप हा विषय दरवर्षी घ्या. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. पण प्रात्यक्षिकात बॅकअप घेऊन दाखवण्यापेक्षा तो परत आणून दाखवा. एक नमुन्याचं फोल्डर बनवा, त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग मूळ फोल्डर सगळ्यांदेखत कायमचं डिलीट करा आणि परत आणा. त्यानंतर तेच फोल्डर क्लाउडच्या सिंकमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर एकसारखं राहील असं, ठेवून एका यंत्रावर पुसा आणि दुसऱ्या यंत्रावरूनही ते कसं जातं ते दाखवा. काही सेवांच्या कचराकुंडीत ते थोडे दिवस राहतं, तेही दाखवा. सिंक म्हणजेच बॅकअप अशी कित्येकांची समजूत असते, ती डोळ्यांसमोर फोल्डर गेल्याशिवाय जात नाही.

दुसरा विषय, खात्यांची सुरक्षा. दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर बहुधा फोनवरून होणारी दुसरी खात्री) चालू करा असं सगळेच सांगतात, फोन हरवला तर काय हे कुणी सांगत नाही. गुगल खात्यात दहा बॅकअप कोड काढून ठेवता येतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते काढून, कागदावर छापून, घरात सुरक्षित जागी ठेवायला लावणं हे वीस मिनिटांचं उत्तम काम आहे. त्याला जोडूनच संकेतस्थळाचा पत्ता वाचायला शिकवा. पत्त्यातली पहिली एकेरी तिरपी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे वाचत जायचं. खरा मालक त्या रेघेला लागून असतो, पत्त्याच्या सुरुवातीला कितीही ओळखीचं नाव असलं तरी. पाच खरे आणि पाच बनावट पत्ते मोठ्या अक्षरात छापून आणा आणि लोकांना ओळखायला लावा. खोली जागी होते.

सध्याचा सगळ्यांत निकडीचा विषय विचाराल तर विंडोज १०. तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातला सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारा भाग), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. तुमच्या सभासदांपैकी बऱ्याच जणांकडे अजून जुनी यंत्रं असणार. एक बैठक यासाठीच ठेवा: प्रत्येकाने आपलं यंत्र आणायचं, त्यावर विंडोज ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवायचं आणि निकाल फळ्यावर लिहायचा. काही यंत्रांत टीपीएम असतं, फक्त फर्मवेअरच्या (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये बंद केलेलं असतं. तेवढं चालू केलं की काही जणांचं काम तिथेच होतं. ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून देण्याचा दिवस ठेवता येतो.

असा दिवस ठेवलात तर दोन-चार गोष्टी सांभाळा, कारण इथे चूक झाली तर माणसाच्या आयुष्यभराच्या फायली जातात. बॅकअप घेतल्याशिवाय कुणाच्याही डिस्कला हात लावायचा नाही, मालक "काही महत्त्वाचं नाही" म्हणाला तरी. विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, आहे का ते आधी बघा. हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. मग सिक्युअर बूट (यंत्र चालू होतानाची सुरक्षा तपासणी) किंवा फर्मवेअरची सेटिंग बदलली की यंत्र ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागतं. ती बहुधा त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण खात्याचा पासवर्ड घरी राहिलेला असेल तर सगळं तिथेच अडतं. म्हणून आदल्या आठवड्यातच सगळ्यांना ही की शोधून लिहून आणायला सांगा. इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे डिस्कवर काही न टाकता थेट पेन ड्राइव्हवरून, लिनक्स चालवून वाय-फाय, आवाज, झाकण बंद करून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, आणि शक्य असेल तर घरचाच प्रिंटर, हे तपासा. वाय-फायच चालत नसेल तर त्या दिवशी इन्स्टॉल करू नका. बैठक संपायच्या तासभर आधी नवं इन्स्टॉलेशन सुरू करणं थांबवा. अर्धवट यंत्र घेऊन घरी जाणारा माणूस परत येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

खोलीबद्दल थोडक्यात. प्लग पॉइंट मोजा आणि एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचे ठेवा. एचडीएमआय, व्हीजीए आणि यूएसबी-सीचे अडॅप्टर एका पिशवीत कायमचे राहू द्या. मोठ्या फाइली आदल्या दिवशीच डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर आणा, नाहीतर दहा जण एकाच हॉटस्पॉटवर लटकतात. प्रोजेक्टरवरची अक्षरं शेवटच्या रांगेत बसून स्वतः वाचून बघा. आणि खुर्च्या रांगांत न मांडता टेबलांभोवती मांडा. रांगा दिसल्या की माणूस श्रोता होऊन बसतो.

ऑनलाइनचं विचारलं होतंत. प्रवास न झेपणाऱ्या सभासदांसाठी प्रात्यक्षिकाची वीस मिनिटं ऑनलाइन दाखवायला हरकत नाही. तेव्हा खोलीतून आलेला प्रश्न वक्त्याने माइकवर पुन्हा म्हणावा, नाहीतर तिकडच्यांना नुसती उत्तरंच ऐकू येतात. प्रश्नफेरीचं रेकॉर्डिंग मात्र करू नका. आपल्याला साधी गोष्ट येत नाही हे कबूल करताना माणसाला कॅमेरा नको असतो. आणि पूर्ण बैठकच ऑनलाइन नेलीत तर टेबलं गेली, म्हणजे ज्यासाठी लोक येणार तेच गेलं. महिन्याच्या मधे तासाभराची ऑनलाइन प्रश्नफेरी ठेवणं हा मधला मार्ग मला बरा वाटतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सूचनांपुरता ठेवा. तिथे दिलेलं उत्तर दोन दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाखाली जातं, म्हणून चांगलं उत्तर लगेच नोंदवहीत उतरवून घ्या.

दिवस ठरलेला असू द्या: महिन्याचा दुसरा शनिवार तर दुसराच शनिवार, वेळ आणि जागाही तीच. वक्त्याच्या सोयीने तारीख हलवायची सवय लागली की लोक विचारायचे थांबतात. वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक सभासदानेच करायचं असल्यामुळे ती गरजही उरत नाही. बाहेरचा वक्ता वर्षातून एक-दोनदा बोलवा, आणि तो काही विकायला येत नाहीये एवढं आधी पक्कं करा.

इथवरचं सगळं तुम्ही एकटे करू लागलात तर वर्षभरात थकाल, म्हणून कामं वाटा. जागा आणि सामान एकाकडे, प्रश्नफेरी दुसऱ्याकडे, नोंदवही तिसऱ्याकडे, आणि नव्याने आलेल्या माणसाला दारातच भेटून योग्य टेबलापर्यंत नेणं चौथ्याकडे. हे चौथं काम फुटकळ वाटतं, पण नवखा माणूस पहिल्या दहा मिनिटांत कुणाशी बोलला नाही तर पुन्हा दिसत नाही. क्लबचं ईमेल, संकेतस्थळाचं डोमेन, ग्रुपचं अ‍ॅडमिनपद यांपैकी काहीही एकाच माणसाच्या खासगी खात्यावर ठेवू नका. किमान दोघांकडे प्रवेश हवा आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली हवी.

मोठा क्लबही कायम मोठा राहतो असं नाही, हे मनात असू द्या. बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी १९७७ मध्ये जोनाथन रोटनबर्ग या तेरा वर्षांच्या मुलाने सुरू केली. तिची सभासदसंख्या ३० हजारांच्या वर गेली, आणि १९९६ मध्ये ती बंद झाली. तेव्हा तीस-पस्तीस हा जुना आकडा गाठायचाच असा हट्ट धरू नका. बारा जण येतात, आठ प्रश्न निघतात, पाच सुटतात, ही माझ्या मते उत्तम बैठक आहे.

राहिले ते दोन जाणकार सभासद. नवशिके माणसं लाज वाटली म्हणून जातात, जाणकार मात्र बहुधा त्यांच्याजोगं काम उरलं नाही म्हणून जातात. नवशिक्यांच्या व्याख्यानाला त्यांनी पुन्हा यावं असं तुम्ही म्हणालात तर ते येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरही आहे. आधी नव्या पद्धतीच्या दोन बैठका घ्या. नोंदवहीत एखादा असा प्रश्न नक्की जमेल जो कुणालाच सुटलेला नाही: जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला शेकडो पानांचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचाय, किंवा कुणाची हार्ड डिस्क दिसतेय पण उघडत नाहीये. तो प्रश्न जसाच्या तसा, काय काय करून पाहिलं त्यासकट त्यांना फोनवर सांगा आणि विचारा, "शनिवारी याच्यासाठी एक टेबल तुमच्याकडे देऊ का?" सगळी बैठक बसायचं बंधन घालू नका, तासभर आले तरी चालेल असं सांगा. एकाने जरी हो म्हटलं तरी ज्याचा प्रश्न आहे त्याला त्याच टेबलावर बसवा आणि त्याची ओळख तुम्ही स्वतः करून द्या.